मँडरिन खपाटीला गेलाय, पॉडची बादली दोनदा मेली: आता काय?

प्रश्न: घणसोलीत राहतो. २०० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे, दीड वर्ष जुनी. खाली संप (पाणी गाळायची दुसरी टाकी), स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) आणि फिल्टर सॉक (गाळणीची पिशवी). क्लाउनची जोडी, एक सिक्स-लाइन रास आणि चार महिन्यांपूर्वी आणलेला मँडरिन मासा. आणला तेव्हा गुटगुटीत होता, आता डोक्यामागे खपाटीला गेलाय. तयार खाद्याकडे बघतही नाही. कोपेपॉडच्या, म्हणजे अगदी बारीक कवचधारी जीवांच्या, बाटल्या दोनदा आणून ओतल्या, पण आठ दिवसांत काचेवर एक पॉड दिसेना. म्हणून बेडरूममध्ये बादलीत पॉड वाढवायला घेतले. पहिली बादली हळूहळू दुधाळ झाली, वास सुटला, संपली. दुसरी महिनाभर छान चालली. मग एका संध्याकाळी सोसायटीत धूरफवारणी झाली आणि सकाळी सगळे पॉड तळाशी मरून पडलेले. मे महिन्यात बादलीचं पाणी ३२ अंशांवर जात होतं. जिवंत खाद्य घरच्या घरी कायम चालू ठेवता येतं का? आणि गणपतीला आठ दिवस गावी जातो, तेव्हा काय करायचं?
— एक वाचक

नमस्कार.

चालू ठेवता येतं, आणि तुमची दुसरी बादली महिनाभर चालली म्हणजे हात बसत आला आहे. पण एक गोष्ट आधी मनाशी पक्की करा: ज्या पाण्यात मँडरिन फिरतो, त्या २०० लिटरमध्ये पॉडची पैदास त्याला पुरणार नाही. हा मासा दिवे लागल्यापासून विझेपर्यंत दगडावर टिपत फिरतो. अंड्यांची पिशवी घेतलेली मादी इतरांपेक्षा ठळक दिसते, तीच आधी जाते. बाटली ओतून पैदास होत नाही, फक्त एक जेवण होतं. पैदास वेगळ्या भांड्यात, मासा पोहोचणार नाही अशा जागी व्हायला हवी आणि तिथून नेमाने काढून टाकीत यायला हवी.

त्याआधी टाकीतला वाटेकरी. सिक्स-लाइन रास दिवसभर हेच पॉड खातो आणि मँडरिनपेक्षा कितीतरी चपळ आहे. २०० लिटरमध्ये हे दोघे एकत्र ठेवू नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. रास कुणा ओळखीच्याला किंवा दुकानदाराला देऊन टाका. तो तयार खाद्य खातो, कुठेही जगेल. मँडरिनला तो पर्याय नाही.

आता तुमच्या दोन बादल्या. त्या दोन वेगळ्या कारणांनी गेल्या, म्हणून दोन्हींचा उपाय वेगळा.

पहिली जास्त खाऊ घातल्याने गेली. दुधाळ पाणी म्हणजे जीवाणूंचा उद्रेक. न खाल्लेलं फायटो (पॉडचं खाद्य असलेलं सूक्ष्म शेवाळ) मरून तळाशी बसतं, कुजतं, ऑक्सिजन खातं आणि अमोनिया सोडतं. पॉड आधी अंडी घालायचे थांबतात, नंतर मरतात, आणि मेलेले पॉड अमोनियात भर घालतात. हे टाळायला एक सोपी खूण आहे. पांढरी बादली घ्या आणि बाहेरून, तळाच्या खाली, जाड काळ्या मार्करने फुली मारा. वरून पाहिल्यावर ती फुली अंधुक दिसेल इतकंच फायटो घाला, पूर्ण झाकली जाईल इतकं नाही. फुली परत स्वच्छ दिसू लागली की पुढचा डोस. भरात असलेली बादली एक-दोन दिवसांत पाणी साफ करते. तीन दिवस झाले आणि पाणी हिरवंच असेल, तर पॉड कमी आहेत किंवा मरत आहेत. त्या दिवशी खाद्य घालायचं नाही. अमोनिया मोजा. ०.५ पीपीएमच्या वर असेल तर तळाचा गाळ सायफनने काढून तिसरा हिस्सा पाणी बदला, त्याच खारटपणाचं आणि त्याच तापमानाचं.

दुसरी बादली विषाने गेली, आणि यावर जरा थांबून बोलायला हवं, कारण आपल्याकडे खाडीकाठच्या डासांमुळे हे प्रत्येक घरात घडू शकतं. धूरफवारणीत, झुरळांच्या स्प्रेमध्ये आणि रात्री प्लगला लावायच्या द्रवाच्या मशीनमध्ये बहुधा पायरेथ्रॉइड गटातली रसायनं असतात. ती कीटकांवर चालतात तशीच कवचधारी जीवांवर चालतात. अनेक कवचधाऱ्यांना लिटरमागे एक मायक्रोग्रॅमहून कमी मात्राही मारते. परदेशात सामन माशांच्या शेतीत अंगाला चिकटणाऱ्या 'समुद्री उवा' मारायला डेल्टामेथ्रिन आणि सायपरमेथ्रिन वापरतात, आणि ती समुद्री ऊ म्हणजे कोपेपॉडच. तुमच्या पॉडचीच जातभाई. त्यात तुमचा एअर पंप खोलीतली हवा ओढून थेट त्या पाण्यात सोडतो. खिडकीतून धूर आला, पंपाने तो बादलीत नेला.

म्हणून बादली बेडरूममधून हलवा. तिथे डासांचं मशीन लागणारच. शक्यतो अशी खोली निवडा जिथे मशीन, कॉइल, स्प्रे काहीच लागत नाही. फवारणीची गाडी आली की खिडक्या बंद करून एअर पंप दोन तास बंद ठेवा. झाकण असलेल्या, फार दाटी नसलेल्या पॉडच्या बादलीला तेवढ्याने काही होत नाही. घरात पेस्ट कंट्रोल किंवा रंगकाम ठरलं असेल तर एक बादली आधीच दुसऱ्या घरी पाठवा. दिवाळीआधीच्या रंगकामात हे हमखास विसरलं जातं. आणि बादलीत हात घालण्याआधी हात नुसत्या पाण्याने धुवा. ओडोमॉस चोळलेला हात पाण्यात जाता कामा नये.

पाण्याबद्दलही सावध करायचं आहे. घरच्या आरओचं पाणी वापरत असाल तर मशीनवर 'कॉपर' लिहिलंय का ते पाहा. पिण्याच्या पाण्यात तांबं सोडणारी बरीच मॉडेलं बाजारात आहेत. माणसाला ठीक, पण कोपेपॉडला तांबं फार थोड्या मात्रेतही विष आहे. मिनरल कार्ट्रिजच्या आधीची नळी काढून घ्या किंवा वेगळं आरओ-डीआय (उरलेले क्षारही काढणारं यंत्र) लावा आणि टीडीएस शून्याच्या जवळ आल्याशिवाय मीठ कालवू नका. त्याच कारणाने, ज्या टाकीत कधी तांब्याचं औषध घातलंय त्या टाकीचं पाणी, पाइप, दगड यातलं काही बादलीत नको. ठाणे खाडीचं पाणी तर अजिबात आणू नका. गाळ आणि सांडपाणी आहेच, शिवाय पावसाळ्यात त्याचा खारटपणा सारखा खालीवर होतो.

आता मांडणी. टिकण्याचं खरं रहस्य संख्येत आहे: कुठलीही एक बादली कधी ना कधी मरणारच. म्हणून पॉडच्या दोन बादल्या, वेगवेगळ्या जागी आणि वेगळ्या दिवशी सुरू केलेल्या. त्यांना खाऊ घालायला फायटोच्या चार बाटल्या. एवढं एका मँडरिनला पुरतं, आणि रोजचं काम दहा मिनिटांचं आहे.

जात निवडताना तापमान बघा. टिग्रिओपस कॅलिफोर्निकस आकाराने मोठा आणि माशाला आवडणारा, पण तो थंड किनाऱ्याचा आहे, २०-२४ अंशांत रमतो. आपल्या उन्हाळ्यात तो कसाबसा जगतो, वाढत नाही. तुम्ही टिस्बे किंवा अ‍ॅपोसायक्लॉप्स घ्या. टिस्बे तळाला आणि भिंतीला सरपटतो, दगडाच्या फटीत शिरतो, म्हणजे मँडरिन जिथे शोधतो तिथेच सापडतो. अ‍ॅपोसायक्लॉप्सला उकाडा आणि खारटपणातली चढउतार दोन्ही जास्त सोसतात. एका बादलीत टिस्बे, दुसरीत अ‍ॅपोसायक्लॉप्स, हे आम्हाला सगळ्यात सुरक्षित वाटतं. बीज मे महिन्यात कुरिअरने मागवू नका, शक्यतो जवळच्या कुणाकडून सकाळी जाऊन आणा. भिंगाखाली पाहून अंडी घेतलेल्या माद्या दिसल्या तरच पैसे द्या.

बादली १५ लिटरची, खाद्यपदार्थांसाठी चालणाऱ्या प्लास्टिकची, पाणी १० लिटर. उंचीपेक्षा रुंदी महत्त्वाची, कारण टिस्बेला सरपटायला जागा लागते. स्पेसिफिक ग्रॅव्हिटी (खारटपणाचं माप) १.०२३ ते १.०२५, रिफ्रॅक्टोमीटरने मोजलेली. रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या द्रावणावर तपासून घ्या. एअरलाइनला एअरस्टोन लावू नका. बारीक बुडबुड्यांत पिल्लं अडकून वर तरंगतात आणि मरतात. उघड्या कडक नळीतून सेकंदाला एक-दोन मोठे बुडबुडे, बस. चेक व्हॉल्व (पाणी उलटं पंपात जाऊ न देणारी झडप) विसरू नका. झाकणाला एक भोक. पाण्याच्या पातळीवर बाहेरून रेघ मारा. रेघेखाली गेलेलं पाणी म्हणजे उडालेली वाफ, मीठ तिथेच आहे. भर घालायची ती साध्या आरओ पाण्याची, खाऱ्या पाण्याची नाही. महिनाभर हे चुकत गेलं की खारटपणा कुठल्या कुठे जातो, आणि कारण मात्र खाद्यात शोधलं जातं.

तापमान २८ च्या आत राहिलं तर उत्तम, ३० च्या पुढे धोका. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो आणि सगळं लवकर कुजतं, म्हणून मे महिन्यात खाद्य निम्मं करा. ग्रिलमधल्या बाल्कनीत बादली नको. जमिनीलगत, आतल्या भिंतीपाशी ठेवा. झाकण तिरकं करून लहान पंखा लावला तर दोन-तीन अंश उतरतात, पण ते कोरड्या हवेत. दमट दिवसांत वाफ होत नाही, पंखा निकामी ठरतो. तेव्हा अर्ध्या लिटरची गोठवलेली बंद बाटली दुपारी बादलीत सोडा.

फायटोसाठी दोन लिटरच्या कोल्ड्रिंकच्या बाटल्या चालतात. नॅनोक्लोरॉप्सिस वाढवायला सोपा, त्यात ईपीए भरपूर, पण डीएचए जवळजवळ नाही (दोन्ही माशाला लागणारी ओमेगा-३ स्निग्धाम्लं). आयसोक्रायसिसमध्ये डीएचए आहे. मासा शेवटी पॉडमधून तेच खातो जे पॉडने खाल्लंय. म्हणून दोन बाटल्या एकाच्या, दोन दुसऱ्याच्या. फायटोचं पाणी जरा सौम्य, १.०१९ च्या आसपास. ते आदल्या रात्री निर्जंतुक करायचं: लिटरला १ मिली साधं, बिनवासाचं ब्लीच, आणि सकाळी क्लोरीनची टेस्ट-स्ट्रिप शून्य दाखवेपर्यंत सोडियम थायोसल्फेट. मग एक भाग जुनं हिरवं पाणी, चार भाग नवं, आणि गिलार्डचं एफ/२ खत बाटलीवरच्या मात्रेने. पांढरा एलईडी एका वितीवर, दिवसाला १६ तास. हवा इथे जोरात, म्हणजे काही तळाशी बसत नाही. सात ते दहा दिवसांत रंग गडद झाला की पाचवा हिस्सा पुढच्या बाटलीसाठी ठेवून बाकी फ्रिजमध्ये. तिथे ते दोन-तीन आठवडे टिकतं, रोज एकदा हलवलं तर. बाटलीवर मोठ्या अक्षरात नाव लिहा. घरात कुणी सरबत समजू नये. रंग पिवळट पडला, गुठळ्या झाल्या किंवा सडका वास आला तर ती बाटली बेसिनमध्ये. वाचवत बसू नका.

कामाचा क्रम कधी उलटा करू नका: आधी फायटो, मग पॉड, शेवटी टाकी. चमचे, नळ्या, चाळण्या वेगळ्या. पॉडच्या पाण्याचा एक थेंब फायटोत पडला की आठ दिवसांत हिरवं पाणी पारदर्शक होतं. याच कारणाने रोटिफर घरात आणूच नका, असं आम्ही सांगू. ते माशांची पिल्लं वाढवणाऱ्यांसाठी. मोठ्या मँडरिनला ते पुरेसे मोठे नाहीत आणि पॉडच्या बादलीत घुसले तर पॉडचं सगळं खाद्य तेच फस्त करतात.

पॉड काढायला दोन चाळण्या. तीन इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा आणि स्क्रीन प्रिंटिंगच्या सामानाच्या दुकानातलं जाळीचं कापड: ५४ टी म्हणजे साधारण ११५-१२० मायक्रॉन, १२० टी म्हणजे साधारण ५०. नवं कापड आधी गरम पाण्यात धुवा. आठवड्यातून एकदा हवा बंद करून तळ आणि भिंतीवरून अडीच लिटर पाणी सायफनने काढा, ते मोठ्या जाळीतून खालच्या बारीक जाळीत जाऊ द्या. वर राहिले ते मोठे पॉड, टाकीसाठी. बारीक जाळीत अडकलेली पिल्लं परत बादलीत. पाणी फेका आणि तेवढंच नवं भरा. एका बादलीची पाळी रविवारी, दुसरीची बुधवारी. पॉड काढायला जीव होत नाही, पण न काढलेली बादली दाटीने स्वतःच कोसळते. सुरुवातीचे तीन-चार आठवडे मात्र काही काढू नका. अंड्यातून निघाल्यावर पॉड पिल्लाच्या सहा आणि मग किशोरवयाच्या पाच अवस्थांतून जातो, तेव्हा प्रौढ होतो. पहिली पिढी अंडी घालू लागेपर्यंत थांबायला हवं.

काढलेले पॉड टाकीत दिवे विझल्यावर सोडा. त्याआधी वेव्हमेकर आणि रिटर्न पंप बंद, यूव्ही (जंतू मारणारा दिवा) असेल तर तोही. पातळ नळीने दगडाच्या पायथ्याशी सोडा आणि अर्धा तास सगळं शांत राहू द्या. स्किमर आणखी तासाभराने चालू केला तरी चालेल. फिल्टर सॉक काढूनच टाका, त्यात पॉड अडकून मरतात. संपमध्ये जागा असेल तर २०-२५ लिटरचा कप्पा रिफ्युजियमसाठी, म्हणजे पॉडच्या आसऱ्यासाठी, द्या: केटोमॉर्फा या शेवाळाचा गोळा, मूठभर दगडांचे तुकडे, मंद प्रवाह आणि टाकीचे दिवे विझले की लागणारा दिवा. पहिले दोन आठवडे काढलेले पॉड निम्मे तिथेच सोडा. दगडाच्या तुकड्यांसाठी किनाऱ्यावरून प्रवाळ उचलू नका, कायद्याने ते संरक्षित आहेत. दुकानातला कोरडा दगड चालतो.

हे सगळं उभं राहायला महिना जाईल आणि तुमचा मासा आत्ता उपाशी आहे. तोवर बेबी ब्राइन, म्हणजे आर्टेमिया या बारीक कवचधारी जीवाची नुकती निघालेली पिल्लं. एक लिटर पाणी, खारटपणा २५ ते ३० पीपीटी, तापमान २६-२८, दिवा, खालून जोरात हवा, आणि वजन करून १ ग्रॅम आर्टेमियाची अंडी. इथे खडे मीठ चालेल, चिमूटभर खायचा सोडा घालून. पॉडच्या बादलीत मात्र कधीच नाही. २४ तासांत हवा बंद करा, दहा मिनिटांनी टरफलं वर तरंगतात, पिल्लं खाली. खालून काढा, साध्या पाण्याने धुवा, लगेच द्या. निघाल्यावर अर्ध्या दिवसात त्यांची पोटातली शिदोरी आटू लागते आणि नंतर मासा नुसतं पाणी खाल्ल्यासारखं होतं. उरलेली फ्रिजमध्ये ठेवा, उद्यापर्यंत चालतील. तुमची हॅचरी पावसाळ्यात रुसली, तर दोष बहुधा डब्याचा असतो. उघडलेल्या डब्यातली अंडी ओल धरतात. सिलिका जेलच्या पुडीसह छोट्या हवाबंद बाटल्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवा आणि एका वेळी एकच बाटली काढा.

द्यायची पद्धत अशी: रुंद तोंडाची काचेची छोटी बरणी टाकीच्या तळाशी आडवी ठेवा, पंप बंद करा, ड्रॉपरने पिल्लं बरणीत सोडा. मँडरिन हळू खातो, क्लाउन झडप घालतात, म्हणून त्यांना आधी दुसऱ्या टोकाला खाऊ घाला. दिवसातून तीनदा, थोडं थोडं. एकदा बरणीची ओळख पटली की त्याच बरणीत गोठवलेला बारीक ब्राइन मिसळत जा. काही मँडरिन तो स्वीकारतात, काही कधीच नाही. तो खाऊ लागला तरी पॉड थांबवू नका. तब्येत बाजूने बघून कळत नाही, वरून आणि मागून बघा. डोक्यामागे कण्याच्या दोन्ही बाजूंची खळ भरत आली की मार्गावर आहात. रोज पोटभर खाऊनही तीन-चार आठवड्यांत ती भरली नाही, तर मोठी, जुनी, भरपूर दगडांची टाकी असलेल्या कुणाकडे तो द्यावा. माशासाठी तेच बरं.

आता गणपती. निघण्याच्या तीन दिवस आधी दोन्ही बादल्यांतून पॉड काढून निम्मे टाकीत, निम्मे रिफ्युजियममध्ये सोडा, म्हणजे बादलीत दाटीही राहणार नाही. निघताना फुली नीट दिसेल एवढंच फायटो घाला. आठ दिवस उपास पॉड सोसतात, तळाचा गाळ खातात. शेजाऱ्याला 'रोज थोडं हिरवं पाणी घाल' असं अजिबात सांगून जाऊ नका, त्याचा 'थोडं' बादली मारतो. त्याच्याकडे फक्त रेघेपर्यंत आरओ पाणी भरायचं काम द्या, तेही चौथ्या दिवशी एकदा. वीज गेल्यास आपोआप सुरू होणारा बॅटरीचा एअर पंप मुख्य टाकीला लावा, बादल्यांना नाही. फायटोच्या दोन बाटल्या फ्रिजमध्ये, दोन दिव्याखाली टायमरवर. आणि घराची किल्ली ज्याच्याकडे असेल त्याला एकच ताकीद: आत येऊन डासांचं मशीन लावायचं नाही.